सुरी टेकण्याआधीची वेदना : हुगळी, १८४५

१६ ऑक्टोबर हा दिवस जगभर भूलशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. १८४६ साली या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन वॉरन या शल्यचिकित्सकाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. भारतातील रुग्णालयांतही या दिवशी भाषणे होतात, भित्तिपत्रके लागतात. मात्र त्याआधी सुमारे दीड वर्ष, ४ एप्रिल १८४५ रोजी, बंगालमधील हुगळी येथे जे घडले त्याची आठवण या भाषणांत क्वचितच निघते. न निघण्याला सबळ कारणही आहे : त्या प्रसंगातून जो सिद्धान्त पुढे आला तो चुकीचा होता. परंतु तो मांडणाऱ्या डॉक्टरने आपल्या पुस्तकात कार्यपद्धती सांगताना जाता जाता एक सूचना लिहून ठेवली, आणि त्या सूचनेत दडलेला प्रश्न प्रयोगशाळेत नीट मांडला जाण्यास पुढे दीडशे वर्षे जावी लागली.

जेम्स एस्डेल हा मूळचा स्कॉटलंडमधील माँट्रोझचा. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १८३१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला. १८४५ साली हुगळीचे इमामबाडा रुग्णालय आणि तेथील तुरुंगातील रुग्ण त्याच्या देखरेखीखाली होते. त्या दिवशी त्याच्यासमोर एक कैदी होता. त्याला दोन्ही बाजूंची अंडवृद्धी होती. साचलेले पाणी काढून आत दाहक द्रव सोडणे हा त्या काळचा उपचार होता, आणि एका बाजूचा तो उपचार होताच कैदी वेदनेने कळवळू लागला. एस्डेलने मेस्मेरिझमविषयी केवळ वाचले होते, प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. करून पाहावे म्हणून तो कैद्याच्या चेहऱ्यासमोरून आणि अंगावरून हात फिरवू लागला. बऱ्याच वेळाने कैद्याला ग्लानी आली. त्याच्या अंगाला टाचण्या टोचल्या, जळता निखारा लावला, नाकाशी अमोनिया धरला, तरी तो जागा होईना. एस्डेलने गावातील इंग्रज अधिकाऱ्यांना साक्षीसाठी बोलावून घेतले. काही दिवसांनी त्याच अवस्थेत दुसऱ्या बाजूचा उपचारही झाला.

पुढील आठ महिन्यांत एस्डेलने अशा ७३ ‘वेदनारहित’ शस्त्रक्रियांची नोंद केली. त्यांत एक हात कापून काढल्याची नोंद आहे, मोतीबिंदू आहेत, दात काढणे आहे, आणि बंगालमध्ये तेव्हा हत्तीरोगामुळे सर्रास दिसणाऱ्या अंडकोशाच्या अजस्र गाठी आहेत. त्यांतील काहींचे वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो होते. अशी गाठ घेऊन जगणे अशक्यप्राय आणि काढून घेणे जिवावरचे. रुग्ण वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया टाळत ते अज्ञानापोटी, असा शेरा त्या काळच्या इंग्रजी लेखनात आढळतो. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या देहातून छत्तीस किलोंचा मांसगोळा कापून काढणे म्हणजे काय, याची कल्पना केली तर त्या टाळाटाळीत अज्ञानाचा भाग थोडाच असावा असे वाटते.

मेस्मेरिझमचा पाया आधीच ढासळलेला होता. फ्रान्झ मेस्मर याच्या मते सजीवांमधून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि तो हाताने वळवून रोग बरे करता येतात. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने हा दावा तपासला. बेंजामिन फ्रँकलिन आणि आंत्वान लाव्हाझिये हे तिचे सदस्य होते. त्यांनी रुग्णांचे डोळे बांधले. प्रवाह सोडला आहे असे सांगितले की, तो सोडलेला नसतानाही झटके येत. तो खरोखर सोडला पण सांगितले नाही, तर काहीच होत नसे. प्रवाह नाही, जे आहे ते कल्पनाशक्तीचे कार्य, असा निष्कर्ष निघाला. प्रायोगिक विज्ञानाच्या इतिहासात या चाचणीला मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. मात्र एक गोष्ट तेव्हा निसटली. रुग्णाला काय घडणार आहे असे वाटते यावर त्याच्या शरीराचा प्रतिसाद ठरतो, हा स्वतंत्र शोध होता. समितीने तो खोडरबरासारखा वापरला, प्रवाह पुसला, आणि खोडरबर बाजूला ठेवून दिला.

इंग्लंडमध्ये तो उचलला मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने. १८४१ मध्ये त्याने मेस्मेरिझमचे जाहीर प्रयोग पाहिले आणि १८४३ मध्ये पुस्तक लिहून आपले मत मांडले : करणाऱ्याच्या हातातून काहीही वाहत नाही; जे घडते ते रुग्णाच्या अवधानात, एकाच बिंदूवर ते दीर्घकाळ खिळून राहिल्याने घडते. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द त्यानेच रूढ केला. एस्डेल मात्र प्रवाहवादीच राहिला. त्याला हुगळीत एक प्रसिद्ध मांत्रिक भेटला होता. झाडफूक करताना त्या मांत्रिकाचे अंगावरून हात फिरवणे आणि फुंकर घालणे पाहून आपण करतो ते हेच, अशी एस्डेलची खात्री पटली. स्कॉटिश डॉक्टरने बंगाली मांत्रिकाला आपला व्यवसायबंधू मानावे, हा त्या काळातील दुर्मीळ प्रसंगच म्हणावा लागेल.

आता ती सूचना. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एस्डेलने पद्धत तपशीलवार दिली आहे. खोली अंधारी असावी. रुग्णाने निजावे, त्याचे डोके पलंगाच्या कडेशी यावे. करणाऱ्याने डोक्यामागे बसून चेहऱ्यावर ओणवावे, हात पोटाच्या दिशेने संथपणे फिरवावे, डोक्यावर आणि डोळ्यांवर हळुवार श्वास सोडावा. हे तासन्‌तास चाले, काही रुग्णांच्या बाबतीत दिवसामागून दिवस. एस्डेल स्वतः थकून जाई, म्हणून हे काम त्याने रुग्णालयातील तरुण हिंदू आणि मुसलमान साहाय्यकांवर सोपवले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव एस्डेलचे असले तरी कष्ट बव्हंशी या तरुणांचे होते. आणि याच सूचनांमध्ये तो म्हणतो, की शस्त्रक्रिया करावयाची असल्यास रुग्णाला आपला हेतू कळू देऊ नये. ही केवळ एक चाचणी आहे असे सांगावे. कारण भय आणि अपेक्षा यांमुळे हवा असलेला परिणाम नष्ट होतो.

या एका वाक्यात एस्डेलच्या सिद्धान्ताला तडा जातो. प्रवाह जर भौतिक असेल, तर रुग्णाला काय ठाऊक आहे याने फरक का पडावा? चुंबकाची सुई कोणी सांगितले म्हणून वळत नाही. एस्डेलने हा प्रश्न पुरता ताणला नाही. पण रोजच्या कामातून त्याला कळले होते, की सुरीची वाट पाहणारा माणूस आणि वाट न पाहणारा माणूस ही शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने दोन वेगळी शरीरे आहेत.

ती वाट आतून कशी असते, याचे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने स्वतः केलेले वर्णन ईथरपूर्व काळात फार थोडे सापडते. सर्वांत परिचित आहे ते इंग्लिश कादंबरीकार फॅनी बर्नी हिचे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिचा एक स्तन कापून काढण्यात आला. नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित शल्यचिकित्सक लॅरी याने तो काढला, आणि भूल अर्थातच नव्हती. पूर्वसूचना शक्य तितकी थोडी द्यावी असे आधीच ठरले होते. तरीही एका डॉक्टरला यायला उशीर झाला. तयारी आटोपली होती, निरवानिरव करून झाली होती, आणि हाताशी काहीच काम नसलेले दोन तास उरले. त्या दोन तासांत केवळ विचार करणे उरले होते आणि ते संपता संपत नव्हते, असे तिने बहिणीला लिहिले आहे. ती दिवाणखान्यात गेली तर तेथे मांडून ठेवलेले पट्टे, बोळे आणि स्पंज दिसले. मग ती खोलीत येरझारा घालत राहिली, मन बधिर होईपर्यंत. नंतर चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला गेला, पण त्यातूनही तिला पलंगाभोवतीची माणसे आणि पोलादाची चमक दिसत होती. शस्त्रक्रियेला सुमारे वीस मिनिटे लागली. हे पत्र पुरे करण्यास तिला कित्येक महिने लागले.

बर्नीच्या पत्रात डोळ्यांनी टिपलेले तपशील विलक्षण बारीक आहेत. हे केवळ लेखिकेचे कसब नव्हे. धोक्याची वाट पाहणारे अवधान इतर सर्व गोष्टी सोडून देते आणि धोक्याशी संबंधित तेवढेच उचलते : स्पंज, चमक, घड्याळाचा ठोका. हुगळीतील रुग्णांपासून एस्डेल नेमके हेच हिरावून घेत होता. अंधारामुळे शस्त्रे दिसत नव्हती. ‘चाचणी’ या शब्दामुळे वेळ कळत नव्हती. रोज तासन्‌तास तेच निजणे, तोच हात, तोच श्वास. त्यामुळे शस्त्रक्रियेचा दिवस आदल्या दिवसासारखाच उजाडत असे. बर्नीपाशी असलेले दोन तास हुगळीच्या रुग्णापाशी नव्हतेच. मात्र बर्नीपाशी आणखी एक गोष्ट होती. तिला विचारले गेले होते, आणि तिने होकार दिला होता.

या फरकाकडे तेव्हाच्या वादात जवळजवळ कोणाचे लक्ष गेले नाही. वाद दुसऱ्याच मुद्द्यावर पेटला. १८४६ मध्ये बंगालचे उपगव्हर्नर सर हर्बर्ट मॅडॉक यांनी समिती नेमली. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विल्यम ओ'शॉनेसी हे तिचे एक सदस्य होते. समितीसमोर शस्त्रक्रिया झाल्या. काही रुग्ण खरोखर निश्चल राहिले. परंतु काहींचे हात आचके देत होते, अंग पिळवटत होते, चेहरा वेडावाकडा होऊन दाबून धरलेल्या यातना त्यावर उमटत होत्या. आवाज मात्र नव्हता. जागे झाल्यावर त्यांनी दुखल्याचे नाकारले. समितीने हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मग वेदना झाली की नाही? शरीराची साक्ष एक, तोंडची साक्ष दुसरी. टीकाकारांनी रुग्णांनाच ढोंगी ठरवले. एस्डेलने तोंडच्या साक्षीवर भिस्त ठेवली. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले होते तो रुग्ण गरीब होता, कधी कैदी होता, आणि प्रश्न विचारणारा साहेब होता. साहेबाने ‘दुखले का?’ असे विचारल्यावर दिलेल्या ‘नाही’ या उत्तराचे वजन किती धरावे, हे मोजण्याचे साधन समितीपाशी नव्हते.

विज्ञानाच्या कसोटीवर हुगळीच्या नोंदी आणखी एका ठिकाणी अडखळतात. रुग्णाला ग्लानीत नेणे आणि त्याच्यापासून शस्त्रक्रिया लपवणे, हे दोन्ही बदल एकाच वेळी केले गेले. ग्लानी दिली पण लपवले नाही, किंवा लपवले पण ग्लानी दिली नाही, अशा रुग्णांशी तुलना झालीच नाही. कोणत्या बदलामुळे किती फरक पडला हे अशा प्रयोगातून सांगता येत नाही. शिवाय जे ग्लानीत गेले नाहीत ते यशाच्या मोजणीत आलेच नाहीत. तरीही समितीच्या अहवालानंतर सरकारने नोव्हेंबर १८४६ पासून वर्षभरासाठी कलकत्त्यात एस्डेलला छोटे रुग्णालय दिले, आणि ते बंद होऊ नये म्हणून शहरातील प्रतिष्ठित भारतीयांनी पुढे अर्जही केला.

तोवर उशीर झाला होता. १८४७ मध्ये ईथर कलकत्त्यात पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स सिम्पसन याने एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मची घोषणा केली. कित्येक दिवसांच्या हातफेरीचे काम काही मिनिटांच्या वाफेने होऊ लागले. एस्डेल १८५१ मध्ये मायदेशी परतला; वेदनारहित शस्त्रक्रियेचे श्रेय केवळ ईथरला देऊ नये म्हणून त्याने अमेरिकी काँग्रेसला उद्देशून निषेधपत्रही लिहिले. तिकडे त्याला कोणी फारसे मनावर घेतले नाही. १८५९ मध्ये तो वारला.

ईथरने शस्त्रक्रियेतील वेदना संपवली. तिच्याआधीची वाट संपवली नाही. उलट ती आता अधिक स्वच्छ उरली, कारण रुग्णाला सांगून-सवरून, दिवस ठरवून टेबलावर नेता येऊ लागले. परंतु वेदनेचे शास्त्र यापुढे मज्जातंतूंच्या मागे लागले : कोणता तंतू, कोणता मार्ग, किती वेग. वाट पाहणे हा विषय नर्सिंगकडे आणि नातेवाइकांच्या धीर देण्याकडे गेला.

त्याला पुन्हा शास्त्रात आणण्याचे बरेचसे श्रेय हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याने गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवे आहे का, असे विचारले. सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटले. १९४६ च्या त्याच्या लेखातील याहून बोलका तपशील असा, की जखम दुखत नाही म्हणणारा हाच सैनिक कोणी शिरेत सुई वेंधळेपणाने घातली तर सर्वसामान्य माणसासारखाच संतापून विरोध करी. म्हणजे त्याचे मज्जातंतू बधिर झालेले नव्हते. गोळी मागे पडली होती, तिच्याबरोबर मृत्यूची धास्तीही. सुई मात्र पुढ्यात होती. बीचरने भर दिला तो जखमेला मिळणाऱ्या अर्थावर. पण वेदना कोणत्या दिशेने येते, मागून की पुढून, हा प्रश्नही त्याच निरीक्षणात आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मेंदूकडून खाली येणारे संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेच्या संकेताला कमी-अधिक वाट देतात, असा ‘द्वार सिद्धान्त’ मांडला. त्यामुळे अवधान आणि अपेक्षा यांना वेदनेच्या यंत्रणेत अधिकृत जागा मिळाली.

एस्डेलने एकत्र बदललेल्या गोष्टी वेगळ्या करण्याचे काम १९९० च्या दशकात झाले. गीर्ट क्रॉम्बेझ, क्रिस्टोफर एक्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना कानावर पडणारा सूर उंच की खालचा, एवढेच ओळखण्याचे साधे काम दिले आणि मध्येच त्वचेला सौम्य उद्दीपन दिले. काही जणांना तीव्र वेदना होऊ शकते असा इशारा आधी दिला होता. ज्यांना असा इशारा मिळाला होता आणि जे स्वभावतःच वेदनेविषयी टोकाचे विचार करतात, त्यांचे सूर ओळखण्याचे काम अधिक मंदावले. कारण अवधानाचा एक वाटा येऊ घातलेल्या कळेवर पहारा देत बसला होता. १९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने रंगीत दिव्यांच्या इशाऱ्यानंतर कधी चटका, कधी नुसती ऊब देऊन मेंदूची चित्रे घेतली. वेदनेच्या वेळी आणि तिची चाहूल लागताना कार्यरत होणारे भाग एकमेकांच्या शेजारी, पण वेगळे आढळले. बर्नीचे दोन तास आणि वीस मिनिटे मेंदूत एकाच जागी साठत नाहीत, असा याचा ढोबळ अर्थ.

२००६ मध्ये अटलांटा येथील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी याहून पुढचा प्रयोग केला. ३२ स्वयंसेवकांच्या पावलाला विजेचे झटके दिले जात. झटका किती तीव्र असेल आणि किती सेकंदांनी येईल, हे प्रत्येक वेळी आधी सांगितले जाई. वाट अगदी २७ सेकंदांपर्यंतही असे. नंतर निवड करण्याची मुभा दिली, तेव्हा बरेच जण लवकर आटोपून टाकणे पसंत करत होते. काहींनी तर थांबावे लागू नये म्हणून अधिक तीव्र झटका पत्करला. या ‘अति धास्तावणाऱ्या’ व्यक्तींच्या मेंदूत वाट पाहताना फरक दिसला तो वेदनेशी संबंधित जाळ्याच्या अशा भागांत, ज्यांचा संबंध भीतीपेक्षा अवधानाशी अधिक आहे. वेदनेची धास्ती ही निव्वळ भीती नसून येणाऱ्या शारीरिक अनुभवावर खिळलेले लक्षही आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. थांबण्यापेक्षा जास्त दुखणे बरे, हा निर्णय बाहेरून अतार्किक दिसतो. वाट पाहण्यालाही किंमत मोजावी लागते असे धरले की हिशोब जुळतो.

या निष्कर्षाच्या प्रकाशात हुगळीच्या नोंदी पुन्हा वाचल्या तर एस्डेलचे यश सगळे खोटे होते असे म्हणवत नाही. धास्ती वजा केलेली वेदना त्याच्या रुग्णांच्या वाट्याला आली असणे शक्य आहे. खिळवून ठेवणारा श्वास आणि हात यांनी अवधान दुसरीकडे बांधले असेल, हे ब्रेडचे उत्तरही शक्य आहे. पण धास्ती वजा करण्याचे जे साधन त्याने वापरले ते रुग्णाला न सांगण्याचे होते, आणि अटलांटाच्या स्वयंसेवकांना झटक्याची तीव्रता व क्षण दोन्ही आधी सांगितले जात होते, सांगूनच तर मोजायचे होते. दीडशे वर्षांत केवळ उपकरणे बदलली नाहीत.

एस्डेलच्या पुस्तकात ७३ शस्त्रक्रियांचा तक्ता आहे. कोणते अवयव, किती रुग्ण, हे त्यात आहे. अंडकोशाच्या गाठी ८ पौंडांपासून ८० पौंडांपर्यंत होत्या, हेही नोंदलेले आहे. त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत नेताना कोणाला काय सांगितले होते, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.